व्हीलचेअर घ्यावी की बग्गी? ठाणे-नवी मुंबईतल्या सीपी मुलांच्या पालकांसाठी

सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं. असं मूल सात-आठ वर्षांचं होतं, वजन अठरा-वीस किलोवर जातं, कडेवर घेऊन जिना चढताना आईची कंबर बोलायला लागते आणि हा प्रश्न घरात येतोच. फिजिओ व्हीलचेअर सुचवतात, पालकांच्या ग्रुपवर कुणी बग्गीचा, म्हणजे मोठ्या मुलांना ढकलत न्यायच्या बाबागाडीचा, फोटो टाकतं, आजी म्हणते अजून लहान आहे, राहू दे कडेवर. आमच्याकडे बग्गी आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे. तरीही काही मुलांसाठी व्हीलचेअरच बरोबर असते, आणि त्यांच्याबद्दल आधी बोलायला हवं.

मुलाचे हात चालत असतील, थोडे जरी चालत असतील, तर बग्गीचा विचार सोडा. स्वतः चाक फिरवून खिडकीपर्यंत जाता येणं ही त्या मुलाची मिळकत आहे. बग्गीत मूल कायम दुसऱ्याच्या मर्जीनं फिरतं, हवं तेव्हा वळता येत नाही, नको असेल तिथून निघता येत नाही. वजन तीस किलोच्या पुढे गेलं असेल तरीही बहुतेक वेळा व्हीलचेअरच बरी, कारण बग्गीची चौकट आणि ढकलणाऱ्याचे खांदे दोन्ही थकतात. शिवाय मोठ्या मुलाला लोक बाळासारखं वागवायला लागतात, हेही लक्षात घ्या. पुढचं सगळं लिहिलंय ते मान आणि धड सावरायला आधार लागणाऱ्या, स्वतः चाक न फिरवणाऱ्या मुलांसाठी.

बसण्यापासून सुरुवात करू. इथे दोन्ही वस्तू जशाच्या तशा घेतल्या तर दोन्ही वाईट. साध्या घडीच्या व्हीलचेअरची बैठक रेक्झिनची असते आणि काही महिन्यांत तिची झोळी होते. झोळीत मांड्या आत वळतात, गुडघे एकमेकांवर येतात, ओटीपोट एका बाजूला कलतं. स्पॅस्टिक, म्हणजे स्नायू ताठ राहणाऱ्या, मुलांत खुब्याचा सांधा सरकण्याचा धोका आधीच असतो, त्यात रोज तासन् तास असं बसणं म्हणजे भर. स्वस्त बग्गीची कथा तीच, वर पाठही गोल होते. उपाय दोन्हीकडे एकच: बैठकीवर १२ मिलिमीटरची प्लाय, तिच्यावर पाच सेंटिमीटरचा घट्ट फोम, वरून पुसता येईल असं कापड. प्लायची खोली मोजताना नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंतचं अंतर घ्या आणि दोन-तीन सेंटिमीटर वजा करा. हे वजा करायचं राहिलं तर प्लायची कड पोटरीत रुतते, मूल पुढे सरकून बसतं आणि पाठ टेकतच नाही. रुंदीत दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन सेंटिमीटरहून जास्त जागा ठेवू नका. ‘वाढत्या अंगाचं आहे’ म्हणून ऐसपैस खुर्ची घेतली तर मूल दोन वर्षं एका कुशीवर कलून बसतं.

कमरेचा पट्टा पोटावर येता कामा नये. तो मांडी आणि ओटीपोटाच्या खाचेतून, बैठकीशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करून खाली-मागे ओढला गेला पाहिजे. दोन गुडघ्यांमधला ठोकळा असतो तो पायांची कात्री पडू नये म्हणून. मूल घसरतंय म्हणून तो जांघेपर्यंत मागे सरकवण्याची चूक फार ठिकाणी दिसते. घसरणं थांबवायचं काम पट्ट्याचं आणि बैठकीच्या कोनाचं आहे, ठोकळ्याचं नाही.

आणखी एक फरक दुकानात कुणी समजावत नाही. पाठ मागे पडणं वेगळं आणि अख्खी बैठक मागे कलणं वेगळं. नुसती पाठ मागे पडली की खुब्याचा कोन उघडतो, ताठ होणाऱ्या मुलाला त्यानं आणखी ताठ व्हायला आमंत्रण मिळतं आणि ते घसरत खाली येतं. बैठक आणि पाठ एकत्र कलली तर ९० अंशांचा कोन टिकतो. चांगल्या बग्ग्यांत ही सोय असते, साध्या व्हीलचेअरमध्ये नसते, असलीच तर वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. भरवताना मात्र दोन्हींत मूल सरळ आणि हनुवटी किंचित खाली असायला हवी. मागे कललेल्या मुलाच्या तोंडात घास दिला तर तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

रस्त्यावर व्हीलचेअर सरस ठरते, असं मला वाटतं. मागची मोठी चाकं पायरीवरून उलटी ओढून चढवता येतात. बग्गी एका पायानं मागे दाबून, पुढची चाकं उचलून टाकावी लागते. गोखले रोडचा फूटपाथ असो की वाशीतला, पेव्हर ब्लॉक एकदा उचकटले की पाच इंची टणक पुढची चाकं त्यांच्या फटीत फिरून आडवी होतात. हे दोन्हींच्या बाबतीत होतं, म्हणून पुढची चाकं सात-आठ इंचांची मागा. गटाराच्या जाळीवरून नेहमी तिरकं जा, कारण सरळ गेलात तर चाक पट्ट्यांमध्ये अडकतं आणि मूल पुढे फेकलं जातं. बग्गीचा स्वतःचा एक धोकाही आहे. हँडलला भाजीची पिशवी अडकवलेली असते, मूल अचानक ताठ होऊन मागे रेलतं आणि बग्गी मागच्या मागे उलटते. पिशवी खालच्या जाळीतच ठेवा. पावसाळ्यात बग्गीचं कापड दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे झिपनं निघणारं आणि जोडीला दुसरं कव्हर मिळणार नसेल तर ती बग्गी घेऊ नका. व्हीलचेअरचं रेक्झिन पुसलं की झालं.

इथवर व्हीलचेअर मागे नाही. आमच्यासाठी पारडं फिरलं ते घडी घालण्यापाशी.

ठाणे स्टेशनला सॅटिस पुलाखालच्या रांगेत रिक्षा समोर आली की पुढचं काम एकट्या माणसाला करायचं असतं. व्हीलचेअर मिटायची तर बैठक मधून वर ओढावी लागते, आणि बैठकीवर तर आपण प्लाय बसवलेली आहे. म्हणजे आधी ट्रे काढा, मग प्लाय आणि फोम, मग बाजूचे दोन आधार, डोक्याचा आधार, पायाच्या पट्ट्या वळवा, आणि मग खुर्ची मिटेल. सुटे भाग पाच-सहा होतात. चौकट पोलादी असेल तर खुर्चीचं वजन १५ किलोच्या पुढे. आता यात मूल ठेवायचं कुठे? धड न सावरणारं मूल रिक्षाच्या सीटवर एकटं बसवता येत नाही, ते एका बाजूला कोसळतं किंवा ताठ होऊन खाली सरकतं. फूटपाथवर ठेवण्यासारखी जागा नाही. मागे रांग थांबलेली, रिक्षावाला आरशातून बघतोय. सोबत दुसरं माणूस असेल तर हा प्रश्नच नाही, पण शाळेची आणि थेरपीची ने-आण बहुतेक घरांत आईच एकटी करते. खुर्चीच्या किमतीत, मापात, वॉरंटीत ही अडचण कुठेच लिहिलेली नसते. आणि तीच रोज येते. माझ्या अनुभवात खुर्ची घरी पडून राहायला आणि मूल पुन्हा कडेवर यायला एवढं एकच कारण पुरतं.

छत्रीसारखी मिटणारी बग्गी इथे वाचवते. ब्रेक लावा, मूल डाव्या कडेवर घ्या, पायानं मागचा खटका उचला, उजव्या हातानं हँडल पुढे ढकला. वजन नऊ-दहा किलो. मिटलेली बग्गी रिक्षात पायाशी उभी राहते. काही मॉडेलना घडी घालायला दोन्ही हात लागतात, ती दुकानातच बाद करा. यासाठी साधी परीक्षा आहे: मूल कडेवर घेऊन, दुकानदाराची मदत न घेता, बग्गी तीनदा मिटून उघडून बघा. उघडल्यावर सुरक्षेचं लॉक बसल्याचा आवाज आला पाहिजे. गाडीत किंवा रिक्षात मुलाला बग्गीतच बसवून नेऊ नका. ती त्यासाठी बनवलेली नसते.

जिन्याचंही तेच. सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत आधी मूल वर न्यायचं, मग खुर्चीसाठी परत खाली. बग्गी तळमजल्यावर मीटरच्या कोपऱ्यात साखळीनं बांधता येते, व्हीलचेअरला तिथे जागा मिळाली तरी सोसायटीत कुरकुर होते. जुन्या नौपाड्यातल्या लिफ्टचं दार, घराचं आणि बाथरूमचं दार यांतलं सगळ्यात अरुंद माप घ्या आणि हातांसाठी पाच सेंटिमीटर सोडा. खुर्ची त्याहून रुंद नको.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर व्हीलचेअर स्वस्त, कारण ती केंद्र सरकारच्या एडिप योजनेत मिळू शकते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला, आधार आणि फोटो लागतात. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. १२ वर्षांखालच्या मुलांना तीन वर्षं थांबावं लागत नाही, वर्षभरानं पुन्हा साधन मागता येतं, कारण मूल वाढतं. बग्गी बहुतेक वेळा पदरच्या पैशांनीच घ्यावी लागते.

म्हणून मी सुचवतो ती जोडी अशी: एडिपच्या साधनवाटप शिबिरात व्हीलचेअरऐवजी ट्रे असलेली सीपी चेअर, म्हणजे सीपी मुलांसाठीची आधाराची खुर्ची, मागा. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी ती बनवते. जेवण, अभ्यास, खेळ घरी तिच्यात. बाहेर जायला बग्गी. बग्गीत सलग तासाभरापेक्षा जास्त बसवणं टाळा. मापं ओळखीच्या ओटीकडून (ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून) लिहून घ्या. मूल वाशीच्या महापालिकेच्या ईटीसी या अपंगांसाठीच्या केंद्रात किंवा हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत जात असेल तर तिथेच विचारा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. नव्या बैठकीत पहिल्यांदा अर्धा तास बसवून उठवल्यावर माकडहाडावर आणि गुडघ्यांच्या आतल्या बाजूला लाली बघा. वीस-तीस मिनिटांत ती गेली नाही तर बैठक चुकली आहे.

नवी बग्गी महाग वाटली तर वापरलेली चालते. मुलं वाढतात आणि चांगल्या बग्ग्या पालकांच्या ग्रुपवर विकायला येत राहतात. घेताना चाक हवेत फिरवून घरघर ऐका. बेअरिंग बदलून मिळतं. पट्ट्याची शिवण उसवली असेल तर चांभाराकडून जाड नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून घ्या. घडीचं लॉक मात्र ढिलं असेल, हँडल हलवल्यावर खटका सुटत असेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.