अपघातग्रस्त रुग्णाची थकलेली फी: वकिलाचे हमीपत्र की कायद्याचा लिएन?

इलिनॉयमध्ये स्वतःचे फिजिओथेरपी क्लिनिक चालवणाऱ्याकडे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या मोटार अपघातातला रुग्ण आला, की एक प्रश्न हमखास उभा राहतो. दाव्याची तडजोड होईपर्यंत फीसाठी थांबायचे, तर कशाच्या भरवशावर? एक आधार म्हणजे रुग्णाच्या वकिलाचे ‘लेटर ऑफ प्रोटेक्शन’, म्हणजेच तडजोडीच्या रकमेतून आपली फी देण्याचे हमीपत्र. दुसरा म्हणजे राज्याच्या ‘हेल्थ केअर सर्व्हिसेस लिएन अ‍ॅक्ट’नुसार आपण स्वतः बजावलेली लिएनची, म्हणजे तडजोडीच्या रकमेवरील कायदेशीर हक्काची, नोटीस. रुग्णाचा आरोग्यविमा आपल्या नेटवर्कमधला असेल, तर त्या कंपनीशी झालेला करार आधी वाचावा. पुष्कळदा निर्णय तिथेच होऊन जातो.

हमीपत्र सोयीचे असते, हे मान्य करायला हवे. ते लवकर हाती येते, रुग्णही निश्चिंत राहतो आणि निदान कागदावर तरी त्याला टक्केवारीची मर्यादा नसते. लिएनला ती असते. सर्वांचे लिएन मिळून तडजोडीच्या 40 टक्क्यांपुढे जाऊ शकत नाहीत, आणि ही मर्यादा गाठली गेली की डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आदी व्यावसायिकांच्या वाट्याला सगळे मिळून 20 टक्केच येतात. उरलेले 20 टक्के रुग्णालयांसारख्या संस्थांचे; एका गटाचा न वापरलेला हिस्सा तेवढा दुसऱ्याकडे वळू शकतो. समोरच्या चालकाकडे सक्तीचा किमान विमाच असेल, तर एका जखमीमागे जास्तीत जास्त 25,000 डॉलर मिळतात, आणि मर्यादा गाठली गेल्यास त्यातले 5,000 ऑर्थोपेडिक सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि आपण यांच्यात बिलांच्या प्रमाणात वाटले जातात. हा आकडा पाहून कोणी हमीपत्राकडे वळला, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र हमीपत्राने विम्याची रक्कम वाढत नाही. शिवाय हे 40 टक्के वकिलाची फी आणि खर्च वजा करण्यापूर्वीच्या संपूर्ण रकमेवर मोजायचे, असे इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली स्पष्ट केले आहे, आणि मर्यादा गाठली गेल्यास वकिलाचा हिस्साही 30 टक्क्यांवर थांबतो. काही वकील हमीपत्राचा एवढा आग्रह का धरतात, याचे थोडे उत्तर यात असावे.

माझ्यापुरता निर्णय झाला तो मात्र वेगळ्याच कारणाने: रुग्ण वकील बदलतात. हमीपत्रावर सही असते जुन्या वकिलाची. नव्याला त्या पत्राची कल्पनाही नसते आणि जुना ‘ती केस आता आमच्याकडे नाही’ एवढेच सांगतो. तडजोड झाली, पैसे वाटले गेले आणि आपल्याला ते रुग्णाच्या बोलण्यातून ओघाने कळले, असा अनुभव मला आला आहे. रकमेपेक्षाही मला त्रास झाला तो न कळण्याचा. फाइल उघडी ठेवून फोन करत राहायचे आणि पलीकडे निरोप घेणारी व्यक्ती दर वेळी निराळी.

लिएनची नोटीस रुग्णाला आणि ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याला, अशी दोघांनाही रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपालाने अथवा प्रत्यक्ष द्यावी लागते. तिचा जोर वकिलाच्या शब्दावर अवलंबून नसल्यामुळे वकील बदलला तरी ती कायम राहते, आणि लिएनधारकाला लेखी कळवल्याखेरीज तडजोडीची पूर्तता करता येत नाही, असे कायदाच सांगतो. मी प्रत विमा कंपनीच्या दावे हाताळणाऱ्या अ‍ॅडजस्टरलाही पाठवतो. मग धनादेशावर बहुधा आपलेही नाव येते.

कटकटी याही बाजूला आहेत. नोटिशीत रुग्णाचे नाव-पत्ता, अपघाताची तारीख, आपला तपशील आणि प्रतिपक्षाचे नाव बिनचूक लागते. ज्या क्लिनिकवर रुग्णाचा विश्वास आहे तिथूनच सर्टिफाइड पत्र आले की तो बिचकतो, म्हणून पहिल्याच भेटीत त्याला समजावून सांगावे. कामावर झालेल्या दुखापतीचा वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा दावा असेल, तर हा मार्ग मुळात लागूच होत नाही.

वकील जुन्या ओळखीचा असेल आणि तडजोड मोठी होण्याची खात्री असेल, तर हमीपत्रावर काम भागू शकते. मीही ते नाकारत नाही, फक्त सोबत लिएनची नोटीस पाठवतो. दोन्हींपैकी एकच निवडायचे झाल्यास आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. लिएनमधून न फिटलेली वाजवी बाकी रुग्णाकडे मागण्याचा हक्क कायद्याने शाबूत ठेवला आहे, तर हमीपत्रावर फी कमी करून घेताना वकील बहुधा ‘पूर्ण व अंतिम’ अशा मजकुराखाली आपली सही घेतात.