आधी गाडी बदलावी की घराची हीटिंग? सत्तरीतल्या एका जोडप्याचा अनुभव

निवृत्तीनंतरच्या पुंजीतून एकच मोठा खर्च झेपणार असेल, तर तो इलेक्ट्रिक गाडीवर करावा की घर तापवणारा गॅस बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र, बसवण्यावर? ब्रिटनमध्ये आमच्या वयाची मंडळी भेटली की हल्ली हा विषय निघतोच. मी एकाहत्तर वर्षांचा, आमची ही एकोणसत्तर. लंडनच्या बाहेरच्या पट्ट्यात टेरेस घरात, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतल्या घरात राहतो. दारात ड्राइव्हवे, म्हणजे गाडी लावायला स्वतःची जागा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं त्यावरच ठरलं.

हरित धोरणाची झळ आम्हाला आधी लागली ती गाडीमुळे. जास्त प्रदूषण करणाऱ्या जुन्या गाड्यांवर रोजचा आकार लावणारा लंडनचा नियम म्हणजे युलेझ. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांमध्ये लागू झालं आणि आमची २०११ ची डिझेल गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे दिवसाला साडेबारा पौंड, असा हिशोब सुरू झाला. पैशांपेक्षा लक्षात ठेवण्याचा ताप जास्त होता. गाडी काढल्यापासून तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत पैसे भरावे लागतात. हिला मंगळवारी हॉस्पिटलमध्ये नेलं, त्या काळजीत पुढचे दिवस गेले आणि मला आठवलं ते थेट शनिवारी. १८० पौंडांची नोटीस आली. चौदा दिवसांत भरली म्हणून निम्म्यावर सुटलो. त्याच आठवड्यात डिझेल मोडीत द्यायचं ठरवलं. महापौरांच्या योजनेतून २,००० पौंड मिळाले. ती योजना २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता तो आधार धरू नका.

आता गाडी कोणती घ्यायची? आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा समज असा की युलेझ आलं म्हणजे इलेक्ट्रिकच घ्यावी लागणार. तसं काही नाही. साधारण २००६ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या नियमात बसतात. डिझेल मात्र साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची हवी. २०३० ची बंदीसुद्धा निव्वळ पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्या विकण्यावर आहे. दारातली गाडी चालवायला कोणी मनाई केलेली नाही.

तरी मला मनातून इलेक्ट्रिकच हवी होती. पुतण्या तीन आठवडे बाहेरगावी जाणार होता, त्याची गाडी मागून घेतली. चालवायला इतकी सुखाची गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. क्लच नाही, गिअर नाही, डावा गुडघा अगदी निवांत. आवाज नसल्यामुळे हिचं बोलणंही नीट ऐकू यायचं. चार्जिंगचा प्रश्न नसता, तर पुढचं काही लिहायची वेळच आली नसती.

सर्वात जवळचा चार्जर दोन गल्ल्या पलीकडे. नोव्हेंबरातली भुरभुर, संध्याकाळी साडेपाचलाच काळोख. केबल थंडीत ताठ झालेली, तिचं टोक सरळ धरून खाचेत बसवायला दोन्ही हात आणि अंगठ्याचा जोर लागतो. माझा उजवा अंगठा संधिवाताने आधीच दुखावलेला. पहिल्यांदा नीट बसलं नाही, स्क्रीनवर लाल अक्षरं आली. चष्म्यावर पाणी, त्यामुळे वाचताही येईना. केबल काढून पुन्हा बसवली, चार्जिंग सुरू झालं, घरी आलो. हेही सवयीने जमलं असतं. पण चार्ज पूर्ण झाल्यावर गाडी तिथेच ठेवली तर जादा आकार लागत होता. म्हणून रात्री दहाला पुन्हा कोट चढवायचा, ओल्या पानांवरून जपून पावलं टाकत तिथवर जायचं, गाडी सोडवायची आणि घराजवळ जागा शोधत फिरायचं. हे आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यात एकदा फुटपाथच्या कडेवरून पाय घसरला. पडलो नाही, पण घरी येऊन मी हिला म्हटलं, "हे आपल्याच्याने व्हायचं नाही."

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. बाकीचे मुद्दे त्यामानाने किरकोळ. मी हिशोब केला तेव्हा घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट होता आणि रस्त्यावरच्या चार्जरवर २०. म्हणजे ज्याच्या दारात जागा नाही, त्यालाच जास्त भुर्दंड. याचं मला अजूनही वाईट वाटतं. एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही रोड टॅक्स लागला आणि एप्रिल २०२८ पासून मैलामागे ३ पेन्स आकारायचं जाहीर झालं आहे. तरुण माणूस हे चढउतार सोसून घेईल. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करून घ्यावं लागतं, त्यामुळे पुढची दहा वर्षं गाडी चालवणारच, असं धरून चालणं मला जड जातं. ड्राइव्हवे असेल तर मात्र माझं ऐकू नका. घरी लावायची आणि सकाळी काढायची, इतकं सोपं असेल तर इलेक्ट्रिक खुशाल घ्या. काही कौन्सिल फुटपाथमध्ये केबलसाठी चर काढू देतात, तेही विचारून पाहा.

आम्ही नियमात बसणारी जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली आणि उरलेले पैसे घराकडे वळवले.

हीटिंगच्या बाबतीत सरकारचा सूर वेगळा आहे. चालू बॉयलर काढाच असं कोणी म्हणत नाही. उलट इंग्लंड-वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून हीट पंपाचं अनुदान ५,००० वरून ७,५०० पौंड झालं, आणि ते बसवणाराच बिलातून वजा करून देतो. मार्च २०२७ अखेरपर्यंत त्यावर व्हॅटही नाही. दंड नाही म्हणून बहुतेक ज्येष्ठ मंडळी याकडे पाहतच नाहीत, आणि मला वाटतं तिथेच चुकतं.

बॉयलर हा कामावर जाणाऱ्यांच्या घराचा सोबती. सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास, मधे घर रिकामं. आम्ही दिवसभर घरातच. दुपारी तीनला घर गार पडायचं. ही शाल गुंडाळून बसायची, पण बिलाच्या धास्तीने थर्मोस्टॅटला हात लावायची नाही. २०२४ च्या हिवाळ्यात पेन्शन क्रेडिटसारखा कमी उत्पन्नाचा सरकारी भत्ता नसलेल्यांचं विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे हिवाळ्यातल्या हीटिंगसाठी ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत, बंद झालं, तेव्हा ही धास्ती आणखी वाढली. पुढच्या वर्षी ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ते पुन्हा मिळू लागलं, पण मनात बसलेली भीती गेली नाही. हीट पंप याच्या उलट चालतो. पन्नास अंशांच्या आतलं पाणी खोल्यांतल्या रेडिएटरमधून मंदपणे दिवसरात्र फिरत राहतं आणि घर एकसारखं उबदार राहतं.

त्रास झाला नाही असं म्हणणार नाही. पाच दिवस घरात उलथापालथ होती. आम्ही मुलीकडे जाऊन राहिलो. आमचा कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय लागेल तेव्हा पाणी तापवणारा बॉयलर होता, त्यामुळे गरम पाण्याची टाकी नव्याने बसवावी लागली आणि अंथरुणं-पांघरुणं ठेवायचं जिन्यावरचं कपाट गेलं. तीन रेडिएटर मोठे घ्यावे लागले. पहिले काही दिवस ही सारखी रेडिएटरला हात लावून म्हणायची, "अहो, हा बंद पडलाय, गारच लागतोय." तो बंद नव्हता, नुसता कोमट होता. खोली मात्र वीस अंशांवर होती. हे मनाला पटायला आम्हाला महिना लागला.

बिल म्हणाल तर जवळपास पूर्वीइतकंच येतं. पंप एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो खरा, पण विजेचा युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग पडतो. गॅस पूर्ण बंद केला असता तर त्याचा रोजचा स्थिर आकार वाचला असता, पण फुलके आचेवर फुगवायचे म्हणून हिने शेगडी ठेवली आणि मीही आग्रह धरला नाही. फक्त बचतीसाठी घेणार असाल तर घाई करू नका, असंच मी सांगेन. आम्हाला त्याच पैशात सगळं घर उबदार मिळालं. दुपारची शाल आता खुर्चीच्या पाठीवरच असते.

तुमचा बॉयलर तीन-चार वर्षांचाच असेल तर थांबायला हरकत नाही. बारा-पंधरा वर्षांचा झाला असेल तर तो बंद पडायची वाट मात्र पाहू नका. जानेवारीत बॉयलर गेला की पाहणी, अनुदानाचा अर्ज, टाकीची जागा या सगळ्याला वेळ कुणाकडे असतो? थंडीत कुडकुडणारं माणूस दुसऱ्या दिवशी मिळेल तो गॅस बॉयलर बसवून मोकळं होतं. आम्ही जुना चालू असतानाच मे महिन्यात काम काढलं.