पाच फोटो, दहा लाख आणि आप्पांची पट्टी

दिवसभर पतसंस्थेत दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघणारी बाई स्वतः कशी फसली, हे सांगायला लाजच वाटते. पण गेल्या महिन्यात भिगवणला भेटलेल्या एका कॉलेजच्या मुलाने मोठ्या आनंदाने मोबाइल पुढे केला, तर त्यावर मला फसवणारा हुबेहूब तोच मेसेज: तुमचे फोटो मोठ्या रकमेला विकत घेतो. म्हणून लिहितेय.

माझा कॅमेरा सेकंडहँड, सोबत ५५-२५०ची लेन्स. हिवाळ्यात रविवारी पहाटे कुंभारगावला जायचं, उजनीच्या पाणफुगवट्यावर नावेत बसायचं. रोहित (फ्लेमिंगो) दिसले की नावाडी इंजिन बंद करतो आणि बांबूने नाव हळूहळू रेटतो. त्या जानेवारीत (२०२४) मला मनासारखा फोटो मिळाला होता. रोहित उडण्याआधी पाण्यावरून धावत जातात, त्या धावण्यातली सात पावलं, सात वर्तुळं आणि मागे धुकं. इन्स्टाग्रामवर टाकला.

तेव्हा मी फोटो विकायची नुकतीच धडपड सुरू केली होती. अडोबी स्टॉकवर फोटो विकला गेला की ३३ टक्के आपल्याला, आणि २५ डॉलर साठेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. चार महिन्यांत माझे साठले होते साडेतीन डॉलर. वारीचे फोटो तर चेहरे ओळखू येतात म्हणून जाहिरातीच्या वापरासाठी चालतच नव्हते, प्रत्येकाची लेखी संमती लागते. वारीत कुणाकुणाच्या मागे कागद घेऊन पळणार?

अशात मेसेज आला. इंग्रजीत, अगदी अदबशीर. तुमचे पाच फोटो एनएफटी (म्हणजे मालकीची डिजिटल नोंद) म्हणून विकत घ्यायचे आहेत, प्रत्येकी एक इथर, म्हणजे एक क्रिप्टो चलन. तेव्हा एक इथर दोन लाखांच्या आसपास होता. म्हणजे दहा लाख. मी बाथरूममध्ये जाऊन पुन्हा हिशोब केला.

त्याने सांगितलेल्या साइटवर खातं उघडलं. साइट देखणी होती. फोटो चढवायला ‘गॅस फी’, म्हणजे व्यवहार नोंदवायचं शुल्क, मागितली, ती मी एका भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरून इथर विकत घेऊन भरली. १८,४०० रुपये. अर्ध्या तासात पाचही फोटोंवर ‘विकले’ अशी हिरवी पट्टी आली आणि शिल्लक दिसायला लागली, ५.००. त्या रात्री मी तो आकडा किती वेळा उघडून पाहिला, विचारू नका.

पैसे काढायला गेले तर कमिशन आधी भरा म्हणे. २७,००० गेले. मग तिसरा मेसेज: भारतात क्रिप्टोवर ३० टक्के कर आहे, तो आमच्याकडे जमा करा, लगेच रक्कम सोडतो. इथे मला त्यांचं कौतुकच वाटतं. कर खरोखरच ३० टक्के आहे, २०२२ पासून. मात्र तो नफ्यावर असतो आणि विवरणपत्र भरताना सरकारला द्यायचा असतो. समोरच्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खात्यात, नाही. खोट्याला खऱ्याचं अस्तर लावलं की आपल्यासारखी माणसं गप्प बसतात.

दीड इथर, म्हणजे तीन लाख, कुठून आणायचे म्हणून आप्पांकडे गेले. आप्पा डाळिंबाचे क्रेट रचत होते. सगळं ऐकून म्हणाले, “माल विकला गेला ना? मग तुझी पट्टी कुठंय?”

“म्हणजे?”

“अगं, मार्केट यार्डात माल गेला की हमाली, तोलाई पट्टीतच, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीतच, कापतात आणि उरलेले हातात देतात. आधी तू पैसे भर, मग तुझे पैसे देतो, असं म्हणणारा व्यापारी मी तरी पाहिला नाही.”

मी उभ्याउभ्या साइटवर लिहिलं, सगळी फी माझ्या पाच इथरमधून कापून घ्या. उत्तर आलं, तांत्रिक कारणाने शक्य नाही. मग शहाणपण सुचलं. साइटचं नाव कधी नोंदवलंय ते शोधलं, तीन आठवड्यांपूर्वी. खरेदीदाराच्या प्रोफाइलवर अकरा हजार फॉलोअर, पण सगळ्या पोस्ट तीन दिवसांत टाकलेल्या आणि कमेंट बंद. हे दहा मिनिटांचं काम होतं, ते मी ४५,४०० रुपये घालवल्यावर केलं.

१९३० या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही टाकली, पण नऊ दिवसांनी. लाजेत गेले ते दिवस. लगेच कळवलं तर पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत यूपीआयने पैसे माझ्याच एक्स्चेंज खात्यात गेले होते आणि पुढे मीच ते इथर पाठवले होते, त्यामुळे बँकेने हात वर केले. वॉलेटमधून गेलेलं परत बोलावता येत नाही. तक्रारीचा नंबर आहे, पैसे नाहीत.

वर आणखी एक. मी फसल्याचं इन्स्टाग्रामवर लिहिलं, तर तासाभरात तीन जण हजर: ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त सुरुवातीची फी भरा.’ हे त्याच झाडाचे आंबे. यांनाही उत्तर देऊ नका.

फोटो तरी वाचले का? तपासायला म्हणून त्या खरेदीदाराने मूळ आकाराच्या फाइल मागितल्या होत्या, त्या मी दिल्या. हक्क मात्र माझाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखी करार करून सही केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर जात नाही, आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फाइल) माझ्याकडेच आहेत. आता कुणाला नमुना दाखवायचा तर लहान आकाराचा, मधोमध नाव टाकून.

मार्चमध्ये कुंभारगावातल्या एका खानावळवाल्या काकांनी तो धावणाऱ्या रोहितांचा फोटो भिंतीवर लावायला मागितला. फ्रेमसकट १,२०० ठरले. निघताना काकांनी आमच्या दोन नाश्त्यांचे आणि चहाचे १४० त्यातून कापले आणि १,०६० हातावर ठेवले. घरी येऊन आप्पांना हिशोबाची चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि डाळिंबाच्या पट्ट्यांच्या तारेत खोचून ठेवली.