सिंगर २९के की ४५के? जुनं चामड्याचं मशीन घेण्याआधी

चामड्याच्या कामासाठी जुनं मशीन शोधायला निघालात की फिरून फिरून दोन मशीनं समोर येतात. एक सिंगर २९के. याला सगळे पॅचिंग मशीन म्हणतात: निमुळता लांब हात आणि चारी दिशांना फिरणारा पाय (चामडं दाबून धरणारा भाग). दुसरं सिंगर ४५के, जाड सुईचं, बसक्या बांध्याचं, पट्टे आणि घोड्याच्या सामानासाठी ओळखलं जाणारं. मी दोन्ही खोलून, धुऊन, पुन्हा जोडली आहेत. दोन्हींवर माझा जीव आहे, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी एवढं वाचा.

आधी ओळख पटवा. नंबरातलं 'के' म्हणजे किलबोई, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावातल्या सिंगरच्या कारखान्याचं ठिकाण. कारखाना १९८० साली बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव मात्र आजही 'सिंगर'च आहे, हे मला फार आवडतं. मॉडेल नंबर बहुधा खांबावरच्या छोट्या पट्टीवर असतो. पट्टी निघून गेली असेल तर सिरियल नंबर शोधा. १९०० नंतरच्या मशीनांवर आकड्याआधी अक्षर येतं. एकटं वाय असेल किंवा ई-पासून सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर मशीन क्लाइडबँकचं. आणि सुट्या भागांवर बारीक आकडे ठोकलेले असतात, शेजारी कधीकधी 'सिमॅन्को' असं कोरलेलं दिसतं. ते सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं आखूड नाव. तो आकडा म्हणजे त्या भागाचा नंबर. भाग हरवला असेल तर 'पायाजवळचा तो तुकडा' असं सांगून काही मिळत नाही, नंबर सांगितला तर मिळतो. म्हणून मशीन खोलताना प्रत्येक भागाचा फोटो काढा आणि त्यावरचा आकडा वहीत लिहा. स्क्रू तर डबीतच ठेवा. सिंगरचे आटे स्वतःचे होते, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही, आणि जबरदस्ती केली तर बिडाचं भोक कायमचं जातं.

आता मुख्य फरक, चामडं पुढे कसं सरकतं याचा. २९के मध्ये वरचा पायच दातेरी असतो. तो चामडं दाबतो, ओढतो, उचलतो आणि परत जागेवर येतो. त्याला हातानं वळवलं की शिलाई वळते, चामडं वळवावं लागत नाही. बुटाच्या आत, पर्सच्या कोपऱ्यात, तयार बॅगेच्या तळाशी दुसरं कुठलंही मशीन पोचत नाही तिथे हे पोचतं. पण ते दात चामड्याच्या दर्शनी बाजूवर उमटतात. बाभळीच्या सालीने कमावलेल्या मऊ, कोऱ्या चामड्यावर तर स्पष्ट दिसतात. ४५के मध्ये दात खाली असतात, वर गुळगुळीत पाय. ठसा मागच्या बाजूला पडतो, पट्ट्याला अस्तर असेल तर तो अस्तरावर येतो आणि दर्शनी बाजू स्वच्छ राहते. याची किंमत अशी की वरचा थर खालच्याबरोबर सरकतोच असं नाही. थर आधी सोल्यूशनने चिकटवून घेतले नाहीत तर शेवटी वरचा तुकडा बोटभर पुढे गेलेला दिसतो.

दुसरा फरक दोऱ्याचा, आणि निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. २९के च्या बऱ्याच मॉडेलांत बॉबिन इवलीशी असते. त्यात टेक्स (दोऱ्याच्या जाडीचं माप) ७० किंवा ९० चा दोरा नीट चालतो. टेक्स १३५ वर गेलात की खालचा दोरा पाच मिनिटांत संपतो आणि मशीन कुरकुरतं. ४५के ३२८ नंबरची सुई घेतं आणि टेक्स ३५० पर्यंतचा जाड दोरा आरामात ओढतं. पट्ट्यावर भरदार, उठून दिसणारा टाका हवा असेल तर २९के घेऊन पस्तावाल. उलट पर्सच्या आतला कप्पा ४५के वर शिवायला गेलात तर सुईच चामडं फाडेल.

२९के बघायला गेलात तर माझी एक परीक्षा करा. दोरा घालू नका. तीन मिलिमीटर जाडीची चामड्याची पट्टी पायाखाली घ्या, टाक्याची लांबी सगळ्यात मोठी ठेवा आणि चाक हातानं फिरवून दहा भोकं पाडा. पहिल्या भोकापासून दहाव्यापर्यंत मोजपट्टीनं मोजा. ३८ मिलिमीटरच्या आसपास भरलं तर इंचाला सहा टाके, म्हणजे मशीन जिवंत आहे. अठ्ठावीस-एकोणतीस भरलं तर इंचाला आठ, आणि त्यात काहीतरी झिजलंय. मग पाय चतकोर वळवा आणि पुन्हा मोजा, असं चारही दिशांना. एका दिशेला लांब आणि दुसऱ्या दिशेला आखूड येत असेल तर दोष बहुतेक बेल क्रँकमध्ये असतो. ही कोपरात वाकलेली तरफ मागच्या कॅमची (उंचसखल कडेच्या फिरत्या चकतीची) हालचाल पायापर्यंत पोचवते. कॅमवर घासून घासून तिचं टोक चपटं होतं, आणि तिथला केसभर सैलपणा टाक्यात मिलिमीटरभर दिसतो. पहिल्यांदा मी हे न मोजताच मशीन घेतलं होतं. विकणाऱ्याने शिवून दाखवलं ते सुंदर दिसत होतं, कारण त्याने टाका बारीक ठेवला होता. चांगल्या कारागिराकडून त्या टोकावर पितळेची भर घालून पुन्हा घासून घेता येतं, नाहीतर नवा भाग बसवता येतो. २९के चे सुटे भाग आजही नव्याने बनतात, हा या मशीनचा मोठा आधार आहे. ४५के बाबतीत तेवढी सोय नाही. म्हणून त्याचा पाय, शटल (खालचा दोरा टाक्यात गुंतवणारा भाग) किंवा सुईखालची पट्टी नसेल तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

४५के ची परीक्षा वेगळी. सुई खाली असताना सुई ज्यात बसते तो दांडा बोटांत धरून आडवा हलवा, जाणवण्याइतका हलता कामा नये. मग शटल काढून त्याच्या टोकावर नख फिरवा. नख अडकलं तर टोकाला कुस आहे. ती बारीक तेलदगडाने निघते. टोकच तुटलं असेल तर मात्र नवं शटल शोधावं लागेल.

सुईबद्दल एक सावधगिरी. २९के साठी २९×३ आणि २९×४ अशा दोन जवळच्या नंबरांच्या सुया येतात, त्यांची लांबी वेगळी. चुकीची लावली की टाका सुटतो आणि माणूस टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, गेलं समजून मशीन खोलायला बसतो. आधी सुई बदलून बघा. आणि दोरा सुईच्या पोकळ दांड्यातून खाली आणायला टोकाला हुक असलेली लांब तार लागते. मशीनबरोबर ती आहे का ते विचारा. तारेशिवाय दोरा ओवायला निम्मा दिवस जातो.

साफसफाई दोन्हींची सारखीच. जुनं तेल वाळून गोंदासारखं चिकटतं आणि मशीन जाम वाटतं, खरं तर ते तुटलेलं नसतं. हेअर ड्रायरने ऊब द्या, रॉकेल सोडा, रात्रभर थांबा, आणि चाक मागेपुढे हलकेच हलवा. हातोडी नको. सोनेरी नक्षीवर स्पिरिट किंवा थिनर अजिबात लावू नका. त्यावर लाखेचा थर असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षी फडक्याला येते. तिथे फक्त शिलाई मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड.

कोल्हापुरी चपलांसाठी म्हणून यातलं एक घ्यायचं असेल तर थांबा. पारंपरिक कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने हाताने शिवतात. ते काम आरीचं आहे.

माझा सल्ला विचाराल तर बॅगा, पाकिटं आणि दुरुस्ती करणाऱ्याने पहिलं मशीन म्हणून २९के घ्यावं, दहा भोकांची परीक्षा उत्तीर्ण झालेलं. सपाट काम करायचं असेल तर मशीनच्या हाताभोवती बसणारं लाकडी टेबल करून घ्यावं, नाहीतर चामडं डुगडुगतं. पट्टे, घोड्याचं सामान, कुत्र्यांचे गळपट्टे करणाऱ्याने ४५के साठी वाट बघावी, सहा महिने लागले तरी. आणि त्याला साधी क्लच मोटर जोडू नये, ती सुरू होताच धावते आणि जाड सुईसमोर बोटं असतात. सर्व्हो मोटर (जिचा वेग हळू ठेवता येतो) आणि वेग कमी करणारी जास्तीची पुली लावा. ती येईपर्यंत मी चाक हातानेच फिरवत होतो. पाच फुटांच्या पट्ट्याला अर्धा तास लागायचा, पण एकही टाका वाकडा गेला नाही.