स्प्रे बूथ घ्यायचाय? क्रॉसड्राफ्ट, सेमी का डाउनड्राफ्ट

डेंटिंग-पेंटिंगचं काम वाढलं की प्रश्न येतोच, की ताडपत्रीचे पडदे लावून आणि जमिनीवर पाणी मारून अजून किती दिवस काढायचे. मग स्प्रे बूथ, म्हणजे पेंट मारायची बंद खोली, विकणारा डीलर येतो, कॅटलॉग दाखवतो, आणि बहुतेक जण हीटर केवढा आणि लाइट किती एवढंच बघून ऑर्डर देतात. खरं बघायचं ते हवा कुठून येते आणि कुठून बाहेर जाते, बाकी सगळं त्याच्यानंतर.

थोडं मागचं सांगतो, म्हणजे फरक कळेल. 1920 च्या आधी गाड्यांना ब्रशने व्हार्निश लागायचं आणि एकेक गाडी वाळून बाहेर पडायला आठवडे जायचे. 1923-24 च्या सुमाराला जनरल मोटर्सने ओकलंड गाडीवर नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला, आपले जुने पेंटर अजून ड्युको म्हणतात तो. तो पटापट वाळायचा, त्यामुळे ब्रशने जमेना, गनने मारायला लागला, आणि गन आली म्हणजे हवेत पेंटचं धुकं आणि थिनरची वाफ, एक ठिणगी पडली की खेळ खल्लास. म्हणजे बूथ मुळात धूर ओढायला आणि आग टाळायला आला, गाडीवर कचरा बसू नये हे नंतरचं. आजसुद्धा स्वस्तातला बूथ बघितला तर तो तिथेच अडकलेला दिसतो, मागे एक्झॉस्ट फॅन लावला की झालं.

क्रॉसड्राफ्ट म्हणजे समोरच्या दारातल्या फिल्टरमधून हवा आत आणि मागच्या भिंतीतून बाहेर. सगळ्यात स्वस्त, जमिनीत खड्डा नको, फिटिंग सोपं. पण हवा गाडीच्या अख्ख्या लांबीवरून जाते, म्हणजे तुम्ही बॉनेट मारताय आणि उडालेला पेंट छतावरून डिकीपर्यंत चाललाय. सिल्व्हर मेटॅलिकमध्ये हे लगेच दिसतं, हात फिरवला तर बारीक रवा लागतो, मग रबिंग करत बसा. बंपर, दरवाजे, टू-व्हीलरचे पार्ट एवढंच काम असेल तर मात्र क्रॉसड्राफ्टला नावं ठेवायचं कारण नाही.

डाउनड्राफ्टमध्ये छतभर फिल्टर असतात, हवा सरळ खाली येते आणि जाळीखालच्या खड्ड्यातून जाते. पेंटरच्या तोंडासमोरचं धुकं खाली बसतं, बाजूच्या पॅनलवर जात नाही. फुल बॉडी पेंटला याला तोड नाही. पण हिशोब करा. आतून 7 बाय 4 मीटरचा बूथ, म्हणजे 28 चौरस मीटर छत, सेकंदाला पाव मीटर वेगाने हवा खाली आणायची तर तासाला 25 हजार घनमीटर हवा लागते. तेवढाच बूथ क्रॉसड्राफ्ट घेतला, उंची 2.7 मीटर, तर अर्ध्या मीटरच्या वेगानेसुद्धा तासाला 19-20 हजार घनमीटरात भागतं. त्यात खड्डा. कोकणात किंवा जिथे पावसाळ्यात जमिनीतून पाणी वर येतं तिथे खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग नीट झालं नाही तर बूथखाली विहीर तयार होते, आणि जागा भाड्याची असेल तर मालक खोदू देतो का ते आधी विचारा.

मधला मार्ग सेमी-डाउनड्राफ्ट, छताच्या पुढच्या भागातून हवा येते आणि मागच्या भिंतीतून खालून जाते. किंवा साइड-डाउनड्राफ्ट, छतातून येऊन दोन्ही बाजूंच्या भिंतींत तळाशी शिरते. दोन्हीला खोदकाम नाही. माझं मत विचाराल तर रोज दोन-चार पॅनल आणि अधूनमधून एखादी फुल गाडी करणाऱ्या गॅरेजने साइड-डाउनड्राफ्ट घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या फिल्टरवर आणि कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी काढणाऱ्या एअर ड्रायरवर घालावेत. अर्धवट खड्ड्याच्या डाउनड्राफ्टपेक्षा तो कधीही बरा.

आता हीटर. कॅटलॉगमध्ये तासाला दीड-दोन लाख किलोकॅलरीचा बर्नर असतो, तो शून्य डिग्रीच्या थंडीत पेंट मारणाऱ्यांच्या हिशोबाने. पुण्यात डिसेंबरात सकाळी 15 डिग्री धरले आणि 25 करायचे तर वरच्या 25 हजार घनमीटरला साधारण 85 किलोवॅट पुरतात, म्हणजे 70-75 हजार किलोकॅलरी. मोठा बर्नर बेकिंगला, म्हणजे मारलेला पेंट उष्णतेने वाळवायला, लवकर तापतो एवढं खरं, पण बेकिंगमध्ये बरीचशी हवा आतल्या आत फिरते, त्यामुळे छोटाही चालतो, थोडा वेळ जास्त लागतो. 85 किलोवॅट विजेवर करायला जाल तर महावितरणचा लोड मंजूर करून घेताना नाकी नऊ येतील, त्यापेक्षा डिझेल बर्नर, आणि तो हीट एक्सचेंजरवालाच, जळणाचा धूर आत येता कामा नये. एकदोन पॅनलसाठी इन्फ्रारेडचा स्टँड बास. आणि बेकिंगसाठी 60 डिग्री लिहिलेलं असतं ते पत्र्याचं तापमान, हवेचं नाही. काटा 60 दाखवतो तेव्हा पत्रा 45 वर असू शकतो, मग क्लिअर, म्हणजे वरचा चकचकीत पारदर्शक थर, कच्चा राहिला म्हणून शिव्या पेंटरला.

पावसाळ्याचं वेगळं. थिनर उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पेंट पांढरट पडतो. हवा थोडी गरम केली की हा त्रास खूप कमी होतो. पाण्यावर चालणारा बेस कोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, घेणार असाल, जो युरोपात 2007 पासून व्हीओसीच्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या थिनरसारख्या रसायनांच्या, मर्यादेमुळे जवळजवळ सक्तीचाच झाला, तर पॅनलवर हवा मारणारे ब्लोअर लागतीलच, नुसती उष्णता पुरत नाही.

चालू बूथ बघायला जाल तेव्हा दारावरचा प्रेशर गेज बघा. आत येणाऱ्या हवेचे फिल्टर तुंबले की बूथमधलं प्रेशर उणे होतं आणि दाराच्या फटीतून बाहेरची धूळ आत ओढली जाते, तीच क्लिअरमध्ये दाणे होऊन बसते. गेज बंद पडलेला किंवा काढून टाकलेला दिसला तर तिथले फिल्टर कधी बदलले ते विचारा. आणि बूथ कुठलाही घेतलात तरी टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पेंटच्या, हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने दम्याचा त्रास जडतो, तिथे रुमाल बांधून चालत नाही, पेंटरला बाहेरून हवा देणारा मास्क कोटेशनमध्येच धरा, आणि त्याला पुरेल एवढा कॉम्प्रेसर आहे का तेही तेव्हाच तपासा.