रविवारचा मनाचा क्लास आणि चांदणी चौकातला नसलेला पूल

कोथरूडमध्ये चार रविवारचा 'मन म्हणजे काय' टाइप क्लास केला, नाव टाकत नाही कारण थोडं रडगाणं आहे. फी १५०० रुपये, चहा त्यात नाही, दहाचा क्लास पावणेअकराला सुरू (पुण्यात!!) आणि प्रोजेक्टर दुसऱ्या रविवारी गेला तो गेलाच.

तरी पैसे वसूल. सर म्हणाले डोळे मिटा, मनातल्या मनात अलका चौकातून मंडईत जा, पोचलात की हात वर, मग तसंच स्वारगेटला. स्वारगेटला सगळेच उशिरा पोचले, शेजारचे काका तर म्हणे ट्रॅफिकमध्ये अडकले. कॉसलिन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी १९७८ मध्ये एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करायला लावून हेच मोजलेलं, अंतर जास्त तर वेळ जास्त, म्हणजे डोक्यात चित्रासारखं काहीतरी असणार. मला वाटलं झालं, मिटला विषय. तर सरांनी पिलिशिन नावाच्या विरोधी संशोधकाला पुढे केलं, तो म्हणतो चित्रबित्र काही नाही, लांब जायला वेळ लागतो हे माहितीये म्हणून तुम्ही नकळत तेवढा वेळ लावता. आता काकांचं ट्रॅफिक काय चित्रात होतं? मी तिथेच पिलिशिनच्या पार्टीत गेलो.

शेवटचा रविवार बेस्ट. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला, मी रोज तिकडून जातो तरी पत्ता सांगताना 'पुलाखालून घ्या' असंच तोंडातून येतं. हे बोललो तर सर खूशच झाले, म्हणाले झाडाच्या खोडातली वर्तुळं वय दाखवतात पण ती चुकत नाहीत, तुमच्या डोक्यातला नकाशा चुकतो, म्हणजे तो कशा'बद्दल' तरी आहे. मग फोडर नावाच्या तत्त्वज्ञाची अडचण आली, अंधारात गाय बघून 'घोडा' मनात आलं तर ती चूक कशावरून, 'घोडा किंवा अंधारातली गाय' असाच त्या विचाराचा अर्थ का नाही? यावर मी दोन दिवस आंघोळ करताना पण डोकं खाजवत होतो. मिलिकनबाईंचं (त्याही तत्त्वज्ञ) उत्तर असं की डोक्यातली ती गोष्ट मुळात कोणत्या कामासाठी घडली ते बघा. पटलं, पण पाडलेल्या पुलाला नीट बसवून दाखवेपर्यंत वेळ संपला.

डोक्यात नकाशे न ठेवता चालणारे ब्रूक्स या रोबो-संशोधकाचे रोबो पाच मिनिटांत उरकले, त्यासाठीच तर मी नाव घातलेलं. एक स्टार तिथे कापला.

पुढच्या बॅचला जाणार असाल तर उशी न्या, खुर्च्या लोखंडी आहेत, आणि गाडी गल्लीत लावू नका, उचलतात.