'व्हाय वी गेट फॅट': निदान वाचा, पथ्य मात्र आपल्या ताटाला बेतून घ्या

गॅरी टॉब्स डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. भौतिकशास्त्र शिकून विज्ञान पत्रकारितेत आलेला हा अमेरिकन लेखक. 2002 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकातल्या लेखात त्याने 'तूपलोणी वाईट' या समजुतीलाच हात घातला. 2007 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि 2010 च्या शेवटी 'व्हाय वी गेट फॅट' ही त्याची आटोपशीर आवृत्ती काढली. दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर हेच घ्या.

पहिला भाग जोरदार आहे. मंदीच्या काळातल्या न्यूयॉर्कमध्ये, जिथे लोक पावासाठी रांगा लावत होते, तिथे 1934 साली लठ्ठ मुलं कुठून आली? दारिद्र्यात राहणारे अमेरिकेतले पिमा आदिवासी लठ्ठ कसे? खादाडपणा आणि आळस ही उत्तरं इथे पुरत नाहीत, हे टॉब्स पटवून देतो. वाढत्या वयातलं पोर भरपूर खातं म्हणून उंच होत नाही. उंची वाढत असते म्हणून त्याला भूक लागते. चरबीचंही तसंच, असं त्याचं म्हणणं. पिष्ट (कार्बोहायड्रेट) आणि साखर खाल्ली की इन्सुलिन चढतं, इन्सुलिन चढलेलं असताना चरबीच्या पेशी साठा सोडत नाहीत, मग भूक लागते. ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारूनही पोट हलत नाही अशांनी व्यायामावरचं प्रकरण जरूर वाचावं. (फेऱ्या बंद करू नका, हृदयाला आणि गुडघ्यांना त्या हव्याच आहेत.)

पुढे मात्र वकिली सुरू होते. इन्सुलिन चरबी अडवतं हे पाठ्यपुस्तकातलंच आहे, पण लठ्ठपणाचं मूळ तेच, हा दावा नंतरच्या प्रयोगांत टिकला नाही. टॉब्सने 2012 मध्ये डॉक्टर पीटर अटियाबरोबर याच तपासणीसाठी 'न्यूसी' ही संस्था काढली. तिच्या पैशातून झालेल्या प्रयोगात 17 पुरुषांना कोंडून मोजून जेवण दिलं. पिष्ट जवळजवळ बंद करणाऱ्या कीटो आहारावर इन्सुलिन उतरलं, पण चरबी काही जास्त वेगाने गेली नाही. 2018 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात 609 जणांचं वर्षभरात सरासरी वजन कमी-पिष्ट गटात 6 किलो आणि कमी-चरबी गटात 5.3 किलो उतरलं. फरक नगण्य. आता गाजणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी वजन उतरतं तेही मुख्यतः भूक कमी होऊन.

म्हणून सिद्धांत बाजूला ठेवून परिशिष्टाकडे वळा. तिथला तक्ता ड्यूक विद्यापीठाच्या क्लिनिकचा आहे: पिष्ट, साखर धरून, दिवसाला 20 ग्रॅमच्या आत. आपला हिशोब असा. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण 20 ग्रॅम, म्हणजे कोटा तिथेच संपला. शिजवलेला भात 100 ग्रॅम घेतला तर 28 ग्रॅम. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे 32 ग्रॅम. डाळ, उसळ, बटाटा, फळं बाद.

मासे खाणाऱ्या घरात हे जमतं. बांगडा, सुरमई घ्या; फक्त तांदळाच्या पिठाचं किंवा रव्याचं आवरण सोडा, हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर भाजा. साखर न घातलेली सोलकढी चालते. जांभळी नाक्याच्या बाजारातून मेथी, पालक, कोबी, दोडका आणा. शाकाहाऱ्यांचं गणित अवघड: पनीर 100 ग्रॅमला जेमतेम 18 ग्रॅम प्रथिनं देतं आणि डाळ बंद. त्यांनी 20 चा हट्ट सोडावा. एका जेवणाला एक पोळी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दुप्पट भाजी आणि बिनसाखरेचा चहा, एवढ्यानेही बरंच साधतं. 'कीटो आटा' घेताना पाकिटावरचं नाव नको, मागचा तक्ता वाचा: 100 ग्रॅममागे एकूण पिष्ट वजा तंतू. आकडा 50 च्या वर दिसला तर पाकीट परत फळीवर.

पहिल्या आठवड्यात काटा झपकन उतरतो ते बहुतेक पाणी असतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी जातं. सोबत मीठही जातं. डोकं जड होणं, पोटऱ्यांत गोळे, उठताना चक्कर याचं कारण बहुधा तेच. ड्यूकच्या तक्त्यात त्यासाठी रोज खारट सूप आहे; आपल्याकडे चिकनचं सूप किंवा मीठ-जिऱ्याचं पातळ ताक.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर पोळी-भात तोडल्यावर तोच डोस साखर धोकादायक खाली नेऊ शकतो. रक्तदाबाची गोळीही जास्त होऊ शकते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांवर कडक कीटो करूच नका: रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही केटोअॅसिडोसिस (रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, म्हणून तो लक्षात यायला उशीर लागतो. पुस्तक निघालं तेव्हा या गोळ्या बाजारात नव्हत्या, त्यामुळे हा इशारा त्यात सापडणार नाही. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी करा. काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) या आहारावर बरंच चढतं, आणि तसं झालं तर लोणी-खोबरं कमी करून शेंगदाणा तेल, बदाम, मासे यांकडे वळावं लागतं.